नियमाचे बी उपकार

हुसेनचाचांनी ज्याचे आभार मानले नाहीत असं माणूस आमच्या शाळेच्या मैदानाच्या आसपास शोधून सापडलं नसतं. सर झाले, शिपाई झाले, आम्ही मुली झालो, आम्हाला स्पर्धेला नेणारा टेम्पोवाला झाला. आभार मानायची त्यांची एक रीत होती. आधी दाढीतला, कोपरावरचा कापूस झटकायचा, टोपी नीट करायची, समोरच्याच्या अगदी जवळ जाऊन उभं राहायचं आणि हळू आवाजात म्हणायचं, "लई उपकार." बस. कशाचे उपकार ते समोरच्याला पुष्कळदा कळायचं नाही, आणि त्याने विचारेपर्यंत चाचा वळून चालायला लागलेले असायचे.

मिरजगावात आमची शाळा हायवेला लागून आहे. शाळेच्या मैदानाची मागची भिंत आणि चाचांच्या गादी कारखान्याची भिंत एकच. कारखाना नुसतं म्हणायला. पत्र्याची एक लांब खोली. पुढे दुकान, मधे कापूस पिंजायचं मशीन, मागे राहायची जागा. लग्नसराईत तिथे लाल-निळ्या खोळी टांगलेल्या दिसायच्या. एरवी जुन्या गाद्या उसवायच्या, दबलेला कापूस पिंजायचा, पुन्हा भरून टाके घालायचे, हे काम. भिंतीला मैदानाच्या बाजूने एक छोटी खिडकी होती. धूळ बाहेर जावी म्हणून काढलेली. त्या खिडकीबद्दल पुढे येईल.

चाचांची सगळी माहिती मला नाही. ते किती शिकले, इथे कधी आले, हे मी कधी विचारलं नाही, आणि आता विचारायला धीर होत नाही. मला जे दिसलं तेवढंच लिहिते. माझी आई हायवेवरच्या ढाब्यावर भाकरी करते, तो ढाबा चाचांच्या दुकानापासून जवळच. त्यामुळे लहानपणापासून त्यांना पाहत आले. आणि त्यांची मुलगी नीलोफर माझ्या वर्गात होती.

आम्ही सातवीत असताना नीलोफरची आई वारली. त्यानंतर नीलोफर बोलेनाशी झाली. अगदी मुकी नव्हे. हजेरीला हात वर करायची, बाईंनी विचारलं तर पुस्तकातलं वाचून दाखवायची, तेही ओठातल्या ओठात. पण आपण होऊन एक शब्द नाही. घरीही तसंच, असं चाचा माझ्या आईला सांगायचे. भाकरी न्यायला यायचे तेव्हा सांगायचे, आणि आई त्यांना म्हणायची की पोरीची जात आहे, येईल ताळ्यावर. एवढंच बोलणं व्हायचं.

आठवीत गायकवाड सर आले आणि त्यांनी मुलींचा खो-खोचा संघ काढला. मुली कमी पडत होत्या. नीलोफर मधल्या सुट्टीत पळत घरी जाऊन पळत परत यायची, ते सरांनी पाहिलेलं. सर दुकानात विचारायला गेले तेव्हा मी आणि आणखी एक मुलगी बरोबर होतो. आम्हाला वाटलं चाचा नाही म्हणतील. त्यांनी सरांना बसायला गादी झटकून दिली आणि म्हणाले, "न्या की. घरी बसून भिंतीकडं बघती. तिथं बसून तुमच्याकडं बघंल."

ज्यांनी खो-खो खेळलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. पाठलाग करणाऱ्या संघाच्या मुली ओळीत बसतात, एकीचं तोंड इकडे, दुसरीचं तिकडे. जी पळत असते तिला दमायला झालं किंवा समोरच्या संघाची पळणारी दुसऱ्या बाजूला गेली की ती बसलेल्या एखादीच्या पाठीवर थाप मारते आणि मोठ्याने "खो" म्हणते. मग ती उठून पळते आणि पहिली तिच्या जागी बसते. नुसती थाप मारून चालत नाही. शब्द तोंडातून आलाच पाहिजे, नाहीतर फाउल.

नीलोफर आमच्यात सगळ्यांत वेगाने पळायची, आणि नुसती थाप मारायची. मी तिच्या वाटेत बसलेली असायचे. पाठीवर हात पडायचा, मी अर्धी उठायचे, आणि सरांची शिट्टी वाजायची. फाउल. पुन्हा थाप, पुन्हा शिट्टी. मुली वैतागायच्या. आमची कप्तान सोनाली तर एकदा म्हणाली की हिला दोन ढोल तरी बांधा गळ्यात. सर रागावले नाहीत. ते रोज तिला तेवढंच सांगायचे की बाई, मागून आवाज आल्याशिवाय पुढचीने उठायचं नसतं, नियम आहे.

असे बरेच दिवस गेले. एका संध्याकाळी माझ्या पाठीवर थाप पडली आणि कानाच्या अगदी मागे आवाज आला, "खो." मी उठून पळाले. एका हाताने सरांनी शिट्टी तोंडाला लावलेली, ती तशीच राहिली. आम्हाला खेळाच्या नादात एवढं काही वाटलं नाही, पण भिंतीपलीकडे पिंजण्याचं मशीन बंद झालं. मैदानावर एकदम शांत वाटलं. त्या छोट्या खिडकीत चाचांचं तोंड दिसलं, भुवयांवर, पापण्यांवर सगळा कापूस.

"आत्ता कोन बोललं?" त्यांनी विचारलं.

सरांनी नीलोफरकडे बोट केलं. खिडकीतलं तोंड आत गेलं. मशीन मात्र त्या दिवशी पुन्हा सुरू झालं नाही.

दुसऱ्या दिवशी चाचा ईदेला घालतात तसे स्वच्छ कपडे घालून मैदानावर आले. आधी सरांजवळ गेले, मग गेट उघडणाऱ्या शिपायाजवळ, मग आम्हा एकेकीजवळ. माझ्याजवळ आल्यावर म्हणाले, "तुज्याच मागनं बोलली ना ती? आन तू उठलीस. लई उपकार."

मी म्हटलं, चाचा, उठावंच लागतं, तसा नियम आहे.

"मंग नियमाचे बी उपकार," ते म्हणाले आणि पुढच्या मुलीकडे गेले.

त्या दिवसापासून ते आमच्या संघाचे झाले. सरावाच्या वेळी मशीन बंद ठेवायचे, धूळ पोरींच्या छातीत जाते म्हणून. खिडकीत कोपर टेकून हातात दाभण घेऊन टाके घालत बसायचे. खेळातलं त्यांना फार कळायचं असं नाही. कोणी बाद झालं की बाद होणारीबद्दल वाईट वाटायचं, मग ती आपली असो नाहीतर समोरची.

आम्हाला खांबाजवळ सूर मारायला शिकवायला लागले तेव्हा चाचांची झोप गेली. लाकडी खांब, त्याला एका हाताने धरून अंग पुढे फेकायचं. कोणाचं कोपर सोलायचं, कोणाचं कपाळ. एका सकाळी आम्ही पाहतो तर दोन्ही खांब गादीसारखे भरलेले. लाल खोळ, आत दाबून कापूस, वर एकसारखे टाके. खांब असे जाडजूड झालेले की कोणाच्या हातात मावेनात. सर हसून हसून बेजार. मग त्यांनी चाचांना बोलावून समजावलं की खांब किती जाड असावा हे ठरलेलं असतं. चाचांनी सगळं ऐकून घेतलं, खोळी उसवून काढल्या. आणि तालुक्याच्या सामन्याला कर्जतला आम्ही पोहोचलो, तर तिथे गर्दीत चाचा पंचांसमोर उभे. पंच चिडलेले. चाचांनी त्यांच्याही खांबांना कापूस गुंडाळायला घेतला होता, यावेळी पातळ. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की आमच्या सरांनी जाड नको म्हणून सांगितलं, पातळ नको असं कुठं सांगितलं. पंचांनी कापूस काढायला लावला. चाचांनी काढला, आणि निघताना पंचांच्या जवळ जाऊन हळूच म्हणाले, "लई उपकार."

खांब हातचा गेला म्हणून त्यांनी उशा केल्या. स्पर्धेला गेलं की संघांची सोय शाळेच्या वर्गात असते. बाकडी भिंतीला लावायची आणि फरशीवर झोपायचं, दप्तर डोक्याखाली. हे नीलोफरने घरी सांगितलं असणार. पुढच्या स्पर्धेला निघताना टेम्पोत प्रत्येकीसाठी एक छोटी उशी होती, उरल्यासुरल्या खोळींच्या कापडाची. सोनालीच्या उशीला एका बाजूला फुलं आणि दुसऱ्या बाजूला कुठल्याशा पक्षाच्या पुढाऱ्यांचे चेहरे छापलेलं प्रचाराचं कापड लागलेलं. ती म्हणाली, चाचा, मी यांच्यावर डोकं ठेवून झोपू? चाचा म्हणाले, "झोप की. त्ये बी झोपल्यातच." ही एवढी चेष्टा त्यांच्या तोंडून मी एकदाच ऐकली.

नीलोफर आता बोलायला लागली होती. मैदानावर ओरडायची, सोनालीशी भांडायची. घरी मात्र बापलेकीचं बोलणं मोजकंच. पण स्पर्धेहून आलो की चाचा आम्हालाच एकेकीला गाठून विचारायचे. जिंकलो की हरलो हे सगळ्यांत शेवटी. आधी, काय खाल्लं, कुठे झोपलात, नीलोफर कोणाशी बोलली, हसली का, कशाला हसली. आम्ही रत्नागिरीला गेलो होतो तेव्हा तिने पहिल्यांदा समुद्र पाहिला आणि चपला हातात घेऊन उभीच राहिली, हे मी त्यांना सांगितलं. ते त्यांनी मला पुन्हा पुन्हा सांगायला लावलं. चपला कोणत्या हातात होत्या, हेसुद्धा विचारलं.

जिल्ह्याचा अंतिम सामना नेवाशाला होता. आम्ही एका गुणाने हरलो. शेवटच्या मिनिटाला नीलोफरच्या बोटांपासून समोरची मुलगी निसटली. शिट्टी वाजल्यावर नीलोफर तिथेच मैदानात बसली आणि रडायला लागली. साधं रडणं नव्हतं ते. आई गेली तेव्हाही ती रडली नव्हती, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. सगळे लोक बघायला लागले, आणि आम्हाला काय करावं कळेना. मी चाचांना शोधलं, तर ते तिच्याकडे येण्याऐवजी जिंकलेल्या संघाच्या बाईंकडे चाललेले. टोपी नीट केली, जवळ गेले आणि म्हणाले ते म्हणालेच. बाईंना वाटलं हा माणूस टोमणा मारतोय. त्या तापल्या. म्हणाल्या, काका, आमच्या मुलींनी मेहनत केलीय, असं बोलायचं काम नाही. चाचा गोंधळले. मग म्हणाले, "बाई, माजी पोरगी रडती ना तिथं, त्याचं म्हनतोय मी. मोकळ्यानं रडती. दोन वरसं वाट बघत हुतो."

बाई स्वतः नीलोफरजवळ जाऊन बसल्या.

या अशा कारणांनी त्यांना खेळाचे उपकार वाटायचे. आमच्या आईवडिलांना बक्षिसं दिसायची, प्रमाणपत्रं दिसायची, आणि त्यात काही वाईट नाही. चाचांना ती चपला हातात घेऊन उभी राहिलेली पोरगी दिसायची.

दहावीनंतर नीलोफरची पुण्याच्या क्रीडा वसतिगृहात निवड झाली. श्रीरामपूरहून चाचांचे थोरले भाऊ आले. त्यांचा तिथे सरकी-कापसाचा धंदा, मोठं घर. दुकान बंद कर, पोरीला घेऊन आमच्याकडे चल, वयात आलेली मुलगी लांब ठेवू नको, असं ते दोन दिवस सांगत होते. चाचा ऐकत होते. थोरल्या भावासमोर त्यांनी कधी मान वर केलेली मी पाहिली नव्हती. तिसऱ्या दिवशी भाऊ ढाब्यावर चहा घेत असताना चाचा तिथेच, माझ्या आईसमोर, त्यांना म्हणाले, "भाईजान, ती बोलती आता. जिथं बोलती तिथं ऱ्हाऊ द्या तिला." भाऊ त्याच दिवशीच्या एसटीने परत गेले. त्यानंतर श्रीरामपूरच्या घराशी येणंजाणं जवळजवळ थांबलं.

नीलोफर गेली ती पुढे पुढेच गेली. राज्याच्या संघात आली. मग खेळाडूंच्या कोट्यातून भोपाळला नोकरी लागली. वर्षातून एकदा, फार तर दोनदा यायची.

आमचा संघही राहिला नाही. गायकवाड सरांची बदली झाली. सोनालीचं लग्न झालं. मी नगरला कॉलेजात आले, हॉस्टेलवर राहते. नव्या सरांना खो-खोत रस नाही, आणि मैदानाचा अर्धा भाग आता गाड्या लावायला वापरतात. सुट्टीत घरी गेले की मी दुकानात डोकवायचे. फोमच्या तयार गाद्या आल्यापासून काम कमी झालेलं. चाचा संध्याकाळी सरावाच्या वेळी मशीन बंद करायचे, सवयीने, आणि खिडकीत बसायचे. बाहेर उभ्या असलेल्या पिकअप गाड्यांकडे तोंड करून. मी आले की मशीनवरचा कापूस बाजूला करून बसायला जागा द्यायचे आणि एकेकीची चौकशी करायचे. नावं त्यांच्या लक्षात नसायची. खांबाजवळची कशी आहे, ती चष्मेवाली कुठे दिली, असं. त्यांच्याशी दिवसभरात दुसरं कोणी बोललेलं नसावं असं मला वाटायचं. आवाज आधी फुटायचाच नाही, खाकरून मग शब्द यायचा. मी उठायला लागले की काहीतरी आणखी एक विचारायचे.

एकदा मी धीर करून म्हटलं की नीलोफरला जवळ बदली मागता येणार नाही का. त्यांनी हातातला टाका पुरा केला. मग म्हणाले, "मागंल ती. म्या म्हनलं तर उद्या मागंल. म्हून तर म्हनत न्हाई."

मागच्या हिवाळ्यात त्यांना दम लागायला लागला. एका दुपारी भाकरी न्यायला आले नाहीत म्हणून आई बघायला गेली, तर मशीनजवळ बसलेले, श्वास पुरत नव्हता. आईने आणि ढाब्याच्या मालकाने दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी सांगितलं की कापूस सोडा, आणि एकटे राहू नका. मी सुट्टीत घरी आलेले, माझ्यासमोरच आईने नीलोफरला फोन केला. चाचांना ते आवडलं नाही, पण आई म्हणाली, तिला नाही तर कोणाला सांगू.

नीलोफर तेव्हा देशाच्या संघाच्या सराव शिबिरात होती. पहिल्यांदाच निवड झालेली. शिबिरातून मधेच निघालं की जागा दुसरीला जाते. ती फोनवर म्हणाली, मी येते, अब्बा एकटे असतील तर मला इथे थांबायचंच नाही. हे ती मलाही म्हणाली, आणि तिच्या आवाजावरून मला कळलं की ती खरंच बॅग भरणार. चाचांनी आईच्या हातातून फोन घेतला आणि म्हणाले, "एकटा कशाचा? श्रीरामपूरला चाललोय मी. पोरं न्यायला येत्यात." पोरं म्हणजे थोरल्या भावाची दोन मुलं. थोरले भाऊ वारले होते, आता घर त्या मुलांचं.

हे त्यांनी त्या क्षणी ठरवलं होतं. मला कळलं आणि आईलाही. फोन ठेवल्यावर आई चाचांना म्हणाली की भाऊ, त्या घरी तुम्ही इतकी वर्षं गेला नाहीत, आता जाऊन कसं होईल. चाचा म्हणाले, "घरात मानसं हायेत, येवडं तिला कळलं म्हंजी झालं. मला काय, कुटं बी टेकायचंच हाय."

दुकान आठवडाभरात रिकामं झालं. मशीन भंगारवाल्याने नेलं. ज्या दिवशी ते निघाले त्याच दिवशी मलाही कॉलेजला परत यायचं होतं, म्हणून नगरपर्यंत आम्ही एकाच एसटीने आलो. त्यांच्याजवळ एक पत्र्याची पेटी आणि वळकटी. वाटेत ते फारसं बोलले नाहीत. मी विचारलं, श्रीरामपूरला स्टँडवर कोणी येणार आहे ना? म्हणाले की फोन केला होता, उचलला नाही, कामाची पोरं आहेत, घर काय मला माहीत आहे. मग थोड्या वेळाने म्हणाले, घर तेच असेल ना अजून.

नगरच्या स्टँडवर श्रीरामपूरची गाडी लागलेली होती. पेटी मी उचलायला गेले तर त्यांनी उचलू दिली नाही. दोनदा पायरीवर टेकवून, थांबून, श्वास घेऊन त्यांनीच ती वर चढवली. मग वळकटी. मी खाली खिडकीशी उभी राहिले. त्यांना खिडकीची जागा मिळाली, शेजारी एक धोतरातले म्हातारे गृहस्थ. चाचा माझ्याकडे वाकून काहीतरी म्हणणार होते, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. नीलोफरचा होता.

त्यांनी आधी खाकरून घेतलं. मग एकदम मोठ्या, मोकळ्या आवाजात बोलायला लागले. तो आवाज मी त्यांच्याकडून कधी ऐकला नव्हता. "व्हय बेटा, निघालो. दोगं बी आलेत की न्यायला. हितं नगरलाच आलेत, गाडी घिऊन. म्हनत्यात, चाचा, तुमी हात लावायचा न्हाई कशाला."

स्टँडवरच्या भोंग्यातून कुठल्याशा गाडीची घोषणा सुरू झाली. त्यांनी फोनवर तळहात धरला, घोषणा संपेपर्यंत थांबले, मग हात काढला.

"न्हाई न्हाई, तू खेळ. हितं गर्दी हाय नुसती मानसांची. कोन बोलू दिना मला." आणि मग फोन तोंडाजवळच ठेवून, मान वळवून, पलीकडे कोणाला तरी दटावल्यासारखं म्हणाले, "अरं हळू, हळू ठिवा रं त्यी पेटी. सांगितलं तर ऐकतच न्हाईत ही पोरं."

शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी दचकून त्यांच्याकडे पाहिलं, मग खाली पायाशी ठेवलेल्या पेटीकडे. कंडक्टरने बेल मारली. गाडी मागे सरकायला लागली तसा मी हात वर केला. चाचांनी पाहिला नाही. ते गाडीतल्या सीटांमधल्या रिकाम्या वाटेकडे बघून हसत होते आणि हाताने खुणा करत होते, पेटी इकडे ठेवा, वळकटी तिकडे ठेवा.